समोरासमोरची दोन दुकानं, एकच भाव

टायरच्या दुकानात बाई बसलेली दिसली की माणसं आधी थबकायची. मग इकडंतिकडं बघायची आणि विचारायची, "शेठ कुठं गेल्यात?" मी म्हणायची, "शेठ जेवायला गेल्यात. तुम्हाला टायर पायजे का शेठ?" निम्मे हसायचे. निम्मे खरोखरच शेठची वाट बघत बाकावर बसून राहायचे.

नारायणगावात पुणे-नाशिक रस्त्यावर भिकूशेठचं टायरचं दुकान होतं. माझं माहेर बोरी बुद्रुक, सासर नारायणगाव. बारावी झालेली, अक्षर बरं, म्हणून नव्वदच्या दशकाच्या सुरवातीला मी तिथं बिलं लिहायला लागले. वर्षभर नुसती बिलं लिहिली. पण माप चुकीचं लिहिलं की फिटर लोक माझ्यावर हसायचे. मग मी वही बाजूला ठेवून टायरपाशी उकिडवी बसले आणि एकेक टायर वाचायला शिकले.

टायर वाचायचा असतो, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. त्याच्या कडेला जे आकडे नि अक्षरं उठवलेली असतात, त्यात सगळं असतं. रुंदी किती, रिंग केवढी, वजन किती पेलेल, किती वेगानं पळवायचा. गाडी स्वतःची असलेला माणूससुद्धा फक्त एवढंच बघतो, की टायर काळा आहे, चकचकीत आहे, आणि त्याच्या नक्षीत बोट बुडतंय. एक गृहस्थ तर टायरचा वास घेऊन पसंत करायचे. दुसऱ्या एकानं चारही नवे टायर बसवायच्या आधी टेम्पोत घालून ओझरला विघ्नहराच्या पायरीला लावून आणले होते. गाडी घरीच उभी, दगडांवर.

आमच्या अगदी समोर, रस्त्याच्या पलीकडं, रशीदभाईंचं दुकान. ते मूळचे जुन्नरचे. वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव बसवायचे, मुलगा रबराकडं वळला. भिकूशेठ आणि रशीदभाई दिवसभर एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायचे आणि चार वाजता एकाच किटलीतला चहा प्यायचे. गिऱ्हाइकाची मात्र चंगळ होती. आमच्याकडं भाव विचारायचा, रस्ता ओलांडायचा, तिकडं विचारायचा, परत यायचं. "पलीकडं पन्नास कमी सांगत्यात, राव." की भिकूशेठ साठ कमी करायचे. माझ्या माहेरच्या एका बागायतदारानं त्याच्या पहिल्या मोटारीला टायर घेताना पाच वेळा रस्ता ओलांडला होता. शेवटी तो दमला, भिकूशेठही दमले, आणि ट्यूब फुकटात गेली.

दोन हजार साल उलटून गेलं आणि भिकूशेठचे गुडघे गेले. मुलं पुण्यात नोकरीला. त्यांना रबराचा वास नको होता. त्याच सुमारास मंचरचे गुलाबशेठ आले. मंचरात त्यांचं मोठं टायरचं दुकान होतं. त्यांनी भिकूशेठचं दुकान विकत घेतलं आणि रशीदभाईंनाही बरोबर घेतलं. रशीदभाईंचा गाळा स्वतःच्या मालकीचा होता. तो त्यांनी पाच वर्षांच्या करारानं भाड्यानं दिला आणि स्वतः तिथंच मॅनेजर म्हणून बसले. पाच वर्षं स्वतंत्रपणे टायरचा धंदा करायचा नाही, असं करारात लिहिलं होतं. तीन दुकानं, एक फर्म.

गुलाबशेठनी आम्हाला सगळ्यांना बसवून समजावलं. टायर कंपनीचा हिशेब साधा असतो. जो जास्त माल उचलेल त्याला जास्त सूट. तीन दुकानांची मागणी एकत्र गेली की सूट वाढणार, सूट वाढली की भाव उतरणार, गिऱ्हाईक खूश. मी मान डोलावली. मला ते मनापासून पटलं होतं.

काही गोष्टी चांगल्याही झाल्या, त्या लपवणार नाही. आधी चाकांचं अलाइनमेंट करायचं तर माणसाला गाडी घेऊन पुण्याच्या बाजूला जावं लागायचं. फर्म झाल्यावर आमच्याकडं कॉम्प्युटरचं मशीन आलं. आमच्याकडं एखादं माप नसलं, तर मंचरहून दुपारच्या टेम्पोनं यायचं. आधी त्यासाठी आठ-आठ दिवस जायचे.

सूटही वाढली. कंपनीची बिलं मीच बघत होते. पण ती सूट मंचरलाच उतरली, आमच्या काउंटरपर्यंत पोचलीच नाही. दर सोमवारी मंचरहून फोनवर भाव यायचा. तोच आमच्या पाटीवर, तोच रशीदभाईंच्या पाटीवर. फुकटची ट्यूब बंद. पूर्वी पाच कंपन्यांचा माल असायचा, आता दोनच कंपन्यांचा. ज्यांत नफा जास्त सुटतो तेवढाच.

लोकांना हे कळायला वेळ लागला. दोन्ही दुकानांवर जुन्याच नावाच्या पाट्या होत्या ना! ओझरचे एक निवृत्त गुरुजी जुनी मोटार घेऊन आले. भाव विचारला, छत्री घेऊन उन्हातून पलीकडं गेले, परत आले, पुन्हा गेले. चौथ्या फेरीला घाम पुसत म्हणाले, "काय हो, जन्मभर भांडलात तुम्ही दोघं. आता रुपयाचाही फरक नाही? एवढं एकमत कसं काय झालं?" मी हसले. खरं सांगितलं नाही. गुरुजींनी मुकाट्यानं टायर घेतले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

त्यानंतर टेम्पो भरभरून माल यायला लागला. मंचरच्या गोडाउनला वर पत्रे, कडेला ऑइलचे डबे. तिथं वर्षानुवर्षं पडून राहिलेले टायर पुसून, चमक लावून आमच्याकडं पाठवले. सोबत निरोप होता, "आधी जुना माल काढा." मंचरात पुण्याला जाणारी-येणारी माणसं, ती पुण्यातल्या चार ठिकाणी विचारून घ्यायची. आमच्याकडं यायचे ते आडवळणाच्या गावांतले. त्यांना विचारायला तीनच दुकानं होती, आणि तिन्ही आमचीच.

जुना टायर म्हणजे काय, तेही सांगते. रबर आणि भाकरी सारखीच. ताजी भाकरी घडी घालता येते. शिळी वरून तशीच दिसते, पण दुमडली की तुटते. टायर न वापरताही म्हातारा होतो. पत्र्याच्या धगीत तर लवकरच. वरून काळाभोर, आत कडक. उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्यावर, वजन घेऊन पळताना त्याचा भरवसा नसतो.

डिंभ्याचे सखाराम असवले बाजाराच्या दिवशी धरणातली मासळी घेऊन नारायणगावला यायचे. त्यांची जुनी जीप होती. येताना मासळीच्या पाट्या आणि एसटी न मिळालेली माणसं, जाताना रिकाम्या पाट्या आणि तीच माणसं. तिकडं एसटीचा काही नेम नसायचा, त्यामुळं असवल्यांची जीप हीच गाडी. त्यांना पुढचे दोन टायर हवे होते.

"मंचरला इचारून आलोय ताई, त्योच भाव हाय. पर म्या तुमच्याकडनंच घेनार." मग टायरवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "माल ताजा हाय न्हवं?"

टायर केव्हा तयार झाला ते सांगणारे चार आकडे मला कडेवर दिसत होते. पाच वर्षांपूर्वीचा टायर होता. मी म्हणाले, "दुकानात परवाच आलाय."

खोटं नव्हतं. परवाच टेम्पो आला होता.

उन्हाळ्यात एक दिवस असवले एसटीनं आले. टपावरून उतरवलेला टायर डोक्यावर घेऊन दुकानात शिरले आणि तो माझ्या टेबलासमोर ठेवला. कड एका बाजूनं हातभर फाटली होती. घोडेगावच्या अलीकडच्या उतारावर फुटला, जीप रस्ता सोडून शेतात गेली. बाकीच्यांना खरचटलं, पण त्यांच्या बायकोचा, शांताबाईंचा, खांदा मोडला. हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. फिटर लोक हातातली कामं थांबवून उभे होते.

"ताई, ह्यो तुमीच दिला व्हता."

"हो."

"जीपमधी मानसं जास्त व्हती, ती चूक माजी. त्ये म्या इचारत न्हाई. टायर किती जुना व्हता, तेवडं सांगा."

माझ्यापाशी उत्तरं तयार होती. हवा कमी असेल, दगड लागला असेल. कंपनीचा माणूस हीच उत्तरं शिकवतो. मी उठले, खाली बसले आणि त्यांना बोटानं ते चार आकडे दाखवले.

"पाच वर्षं."

"इकताना तुमाला म्हाईत व्हतं?"

"माहीत होतं."

त्यांनी त्या आकड्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "म्या मासळी इकतो. गिऱ्हाईकानं इचारायच्या आदी माशाचं कल्लं उघडून दावतो, ताजा हाय का बगा म्हनून. आमी अडानी मानसं. तुमी तर लिवता-वाचता." टायर पुन्हा डोक्यावर घेतला आणि निघून गेले. पैसे मागितले नाहीत, आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी मी डिंभ्याला गेले. घोडेगावपर्यंत गाडी मिळाली, पुढं दोन तास स्टँडवर बसले. शांताबाई ओट्यावर बसल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. मला बघून म्हणाल्या, "एवढ्या लांब कशापायी आलासा? टायर काय, फुटायचाच." त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. नवऱ्यानंही नाही. मीच सांगितलं, मला ठाऊक असताना दिला म्हणून. आत कुणीतरी चहा टाकला होता, तो आला, निवला. मग त्या म्हणाल्या, "आता माज्यापाशी बोलून काय व्हनार ताई? फुडच्या बाईला तरी सांगा."

परतीच्या वाटेवर मी ठरवलं ते ठरवलं.

सोमवारी सकाळी शाळेत असतो तसला काळा फळा आणला आणि दुकानाच्या दारात लावला. त्यावर खडूनं, ठळक अक्षरांत लिहिलं: "टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. टायर केव्हा तयार झाला ते त्यावरून कळतं. घेण्याआधी वाचा. जमत नसेल तर आम्ही वाचून दाखवू." लिहिलं 'आम्ही', पण होते मी एकटीच.

रशीदभाई रस्ता ओलांडून आले, फळ्यासमोर उभं राहून दोनदा वाचला. "कुंदाताई, नोकरी नकोशी झाली काय?"

"नोकरी पायजेच आहे, रशीदभाई. म्हणून तर लिहिलं."

"मालक सोडणार न्हाई तुमाला."

"तुम्ही असले टायर विकले नाहीत?"

ते रस्ता ओलांडून परत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारातही फळा लागला. माझ्यापेक्षा अक्षर सुंदर, शिवाय टायरचं चित्र काढून आकड्यांपाशी बाण दाखवलेला. आठवड्याभरात माणसं पुन्हा रस्ता ओलांडायला लागली. भाव एकच होता, पण ताजा माल कुठं आहे ते बघायला. एक जण आमच्याकडं खाली बसून आकडे वाचायचा, पलीकडं जाऊन वाचायचा. ज्याला वाचता यायचं नाही तो शेजारच्याला हाक मारायचा. मागं रचलेल्या मंचरच्या मालाला कुणी हात लावेना.

मग मंचरहून बोलावणं आलं. यजमान म्हणाले, "माफी मागून टाक." मी बाकीची कामं आवरली आणि दहाची गाडी धरली.

गुलाबशेठनी चहा मागवला. माणूस वाईट नव्हता, व्यापारी होता. "कुंदाबाई, माझ्याच दुकानात बसून माझ्या मालाची बदनामी करता?"

"मी फक्त आकडा वाचते शेठ. तो कंपनीनंच छापलाय."

"असवल्याच्या जीपमध्ये चौदा माणसं होती. टायरचा काय दोष?"

"होती. तेही ते स्वतःहून बोलले. आपण आपलं बोललो नाही."

"आणि हा गोडाउनभर माल मी काय करू? पेटवू?"

"टायरच्या बैलगाड्यांना विका. बैल काय साठच्या वेगानं पळत नाहीत. जुना आहे असं सांगून, स्वस्तात विका. शेतकरी खुशीनं नेतील. फक्त मोटारीला नको."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

घरून निघताना हेच विचारतील हे ओळखलं होतं. "तर उद्यापासून माझ्या जागी दुसरी बाई बसवा. फक्त तिला आधी एकदा डिंभ्याला पाठवा."

त्यांनी कप बाजूला सारला. खिडकीतून गोडाउनचा पत्रा दिसत होता. शेवटी म्हणाले, "बैलगाडीवाले काय भावानं घेतील?"

तेव्हाच मी समजले, फळा राहणार. उठता उठता धीर करून म्हणाले, "शेठ, कंपनीची सूट वाढलीय, तर पाटीवरचा भावही थोडा उतरवा की."

"भावाचं माझ्याकडं ठेवा," ते म्हणाले. तिथं माझं काही चाललं नाही.

बैलगाडीची युक्ती चालली. वर्षभरात जुना माल निघाला. पुढं गुलाबशेठ लोकांना सांगायचे, ही कल्पना त्यांचीच. मी खोडून काढलं नाही. फळ्यावर मात्र रोज सकाळी मी स्वतः खडू फिरवायची. पावसानं पुसला तर दुपारी पुन्हा लिहायची. असवले माझ्याकडं परत कधी आले नाहीत. बाजाराच्या दिवशी दिसायचे, मान हलवायचे. शांताबाईंचा हात खांद्याच्या वर जात नाही, असं त्यांच्या गावच्या एका बाईनं सांगितलं. त्याला माझ्या फळ्यावर काही औषध नव्हतं.

भाव मात्र तसेच राहिले. लोक कुरकुरत घेत होते. टायर काही हौसेची वस्तू नाही, आज नको म्हणून सोडून देता येत नाही. गुळगुळीत झाला की घ्यावाच लागतो, आणि जे विकणारे सगळे एकाच ताटात जेवतात त्यांना घाई नसते.

पाच वर्षांचा करार संपला. रशीदभाईंनी तो वाढवला नाही. मंचरच्या भावाची पाटी उतरवली, स्वतःच्या नावाची पाटी नव्यानं रंगवली आणि पुण्याहून स्वतः माल आणला. उघडायच्या आदल्या दिवशी ते आमच्या दारात आले.

"चला ताई आमच्याकडं. पगार जास्त देतो. तुमच्यासारखं माणूस तिकडं कशाला?"

मला मोह पडला, खोटं कशाला बोलू. रात्री घरी सगळे म्हणाले, जा. पण मी विचार केला, मी पलीकडं गेले की इकडचा फळा दुसऱ्या दिवशी उतरेल. रशीदभाईंच्या दुकानात आकडे वाचून दाखवायला रशीदभाई होते. इकडं कोण होतं?

"मी इथंच थांबते, रशीदभाई. तुम्ही भाव लावा म्हणजे झालं."

त्यांनी लावला. जोडीमागं आमच्यापेक्षा बराच कमी. पहिले चार दिवस गुलाबशेठ म्हणत होते, टिकायचा नाही. पाचव्या दिवशी आमच्याकडं दुपारपर्यंत एकही गाडी आली नाही. सहाव्या दिवशी ओतूरच्या दवाखान्यातली एक नर्सबाई आली. स्वतःच्या पैशानं घेतलेली जुनी छोटी गाडी, स्वतः चालवत आणलेली. घाईत होती, पलीकडं विचारलं नव्हतं. मी तिला आकडे वाचून दाखवले, तिनं खाली बसून स्वतः पुन्हा वाचले, पसंत केले. मी बिल लिहिलं. ती पाकिटातून नोटा काढत होती तेवढ्यात फोन वाजला.

"कुंदाबाई," गुलाबशेठ म्हणाले, "पाटीवरचा भाव पुसा."

"किती लिहू शेठ?"

त्यांनी आकडा सांगितला.

"आवाज नीट येत नाही शेठ. जरा मोठ्यानं."

त्यांनी पुन्हा सांगितला. फिटरचे हातोडे थांबले होते.

"म्हणजे जोडीमागं चारशे कमी?" मी सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारलं.

"हो हो, चारशे! आजपासून!" ते ओरडले आणि फोन आपटला.

नर्सबाई नोटा हातात धरून माझ्याकडं बघत होती. आमच्या धंद्यात बिल 'फाडतात', म्हणजे पावतीपुस्तकातून लिहून देतात. त्या दिवशी मी तिच्यासमोर बिल खरोखरच फाडलं, आणि नवं लिहायला घेतलं.